जीपच्या चाकाखालचं लिंबू

चि. गुंडप्पास,

नळदुर्गाहून इरम्माक्काचा आशीर्वाद. तुझे गुडघे कसे हायत? तुझी बायको अजून माझ्यावर रुसलेली असंल तर रुसू दे, तेवढीच घरात शांतता. म्या बरी हाय. पत्र स्वतःच लिहितेय, दुसरीतलं अक्षर हाय, सांभाळून वाच. फोनवर बोललं की नातवाच्या गॅरेजात सगळ्यांना ऐकू जातं, अन् ही गोष्ट कुणाला ऐकू जायची न्हाय.

खंडेनवमीला नातवानं, शंभुलिंगनं, गॅरेजातल्या जुन्या गाड्या धुऊन उतारावर लावल्या. वर तुझ्या दाजींची लढाईतली अमेरिकन जीप (स्टेरिंग डावीकडं, दाजींसारखीच उलट्या डोक्याची). बाजूला एका डॉक्टरची अँबेसिडर (घराणं विलायतेचं, वाढली कलकत्त्यात). खाली फाटकात आडवी, रंगवायला आलेली तुझी इटलीच्या वळणाची फियाट. जीपला सेल्फ न्हाय, ढकलून चालू करावी लागते, म्हणून ती कायम उतारावर. हँडब्रेक न्हाय, म्हणून चाकाखाली दगड. आता पूजेला चाकाखाली लिंबू लागतं. देवाच्या कामात दगड कशाला आडवा, म्हणून म्या तो काढला अन् लिंबू ठेवलं. लिंबानं विभूती लावून होईस्तोवर दम धरला, मग फुटलं. जीप निघाली. स्टेरिंगवर चार वर्षांची माझी पणती शिवलीला भोंगा वाजवत बसलेली, अन् फाटकाबाहेर हैदराबादचा हायवे! म्या मागची दांडी धरून लोंबकळत गेले (बहात्तराव्या वर्षी), पूजेचं ताट एकीकडं, चप्पल दुसरीकडं. समोरून ट्रक गेला तवा तोंडात देवाचं नाव यायचं तर शिवी आली. जीप फाटकातच थांबली. कशानं, ते खाली लिहिते. पोरगी म्हणते, "पणजी, परत!"

शंभुलिंग वरडला, "दगड कुणी काढला?" दगडाची जबाबदारी वीस वर्षं रामकिसन मिस्त्रीची. त्यानं माझ्याकडं बघितलं. म्या सांडलेली फुलं वेचायला लागले. शंभुलिंग त्याला म्हणाला, उद्यापासून येऊ नको. तो हात पुसून गेला. तीन दिवस झाले, भाकरी घशाखाली उतरंना. ज्वारी खराब असंल.

तुझी अक्का

ता. क. जीप थांबली ती तुझ्या फियाटला धडकून. दार पार आत गेलंय. ती आडवी नसती तर पोरगी हायवेवर गेली असती, एवढं ध्यानात घे अन् मग वरड.

ता. क. दुसरा. वरडायचंच तर शंभुलिंगावर वरड. म्हण, "माझ्या गाडीला रामकिसनशिवाय कुणाचा हात लागला तर बघ!" म्हणजे त्याला परत बोलवावं लागंल, अन् माझं नाव झाकलेलं राहील.

ता. क. तिसरा. पाकिटाला डिंक लावत व्हते, तेवढ्यात रामकिसन आपले पाने-पक्कड न्यायला आला. म्हणाला, "आजी, दगड काढताना म्या बघितलं व्हतं." म्या इचारलं, मग बोलला का न्हाईस? तर म्हणे, "तुमी बोलाल वाटलं." म्या तिथल्या तिथं शंभुलिंगला हाक मारली अन् सांगून टाकलं. आता आख्ख्या गल्लीला ठाऊक हाय. रामकिसन परत कामावर, तुझ्या फियाटचं दार ठोकून सरळ करतोय. तू वरडू नको. पत्र लिहून झालंच हाय, म्हणून धाडते. अन् दगड राखायचं काम आता माझ्याकडं.