यंदा माहेरी येऊ नकोस

राजारामपुरी, कोल्हापूर
३ जून २००६

लाडक्या भूमीस,

आईचा गालगुच्चा. रुद्रेशरावांना आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझे बाबा रोज सकाळी पेपरवरून शेजाऱ्यांशी भांडतात.

तुझं पत्र मिळालं. शेजारच्या क्वार्टरमधल्या बाईंना मलेरिया झाल्याचं वाचलं. अंदमानात आता पाऊस लागला असेल. पूर्ण बाह्यांचं घाल. अंगणातल्या करवंट्या, कुंड्यांखालच्या ताटल्या रुद्रेशरावांकडून उपड्या करून घे. तुझ्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये सिस्टर प्रत्येकीची मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचायच्या, मगच दिवा मालवायच्या. तशी खोच. अंग जरा तापलं तरी लगेच रक्त तपासून घे.

तू म्हणशील, आता बाळंतपणाला घरीच येतेय, मग एवढ्या सूचना कशाला?

भूमी, येऊ नकोस.

इथे चिकुनगुन्या आलाय. तानाबाई पिंप घासताना म्हणाली, "बाईसाब, समदी गल्लीच म्हातारी झालीया. तरणी पोरं काठी घिऊन चालाल्यात!" मी हसले. मग मलाच धरलं. अक्षर वाकडं आलंय ते त्यामुळे. ताप उतरला, पण बोटं मिटत नाहीत. बाबा भांडतात म्हणून लिहिलं, ते खोटं. ते पांघरूण घेऊन पडलेत.

डॉक्टर म्हणाले, "मलेरियाला गोळी आहे, मच्छरदाणी आहे. हे डास दिवसाढवळ्या चावतात. बाळंत होताना आईला हा ताप असला, तर बाळालाही होऊ शकतो. या घरात मुलीला आणू नका."

पहिलं बाळंतपण माहेरचं. तरी गडहिंग्लजला तुझ्या सासूबाईंना फोन केला. शांतादेवी म्हणाल्या, "जातो की मी! इमानात कवा बसलो न्हाय, बसतो. पर विहीणबाई, मान तुमचा हाय."

"मान राहू दे," म्हटलं, "पोर सांभाळा."

त्या मोठ्यानं बोलतात, मनात काही नसतं. डिंकाचे लाडू त्यांच्याबरोबर पाठवतेय, तानाबाईनं वळलेत. बाळाला पहिली आंघोळ त्याच घालतील. मला वाटलं होतं... असो.

तिकीट आजच रद्द करा. तुला हे फोनवर सांगायचा धीर झाला नाही. तू रडली असतीस आणि मी विरघळले असते. उद्या मीच फोन करून 'ये' म्हणाले, तरी ऐकू नकोस.

तुझ्यासाठी दार लावून बसलेली,
आई