सातवा हात

प्रिय गोदू,

करंजाला तुझ्या भाचीच्या पत्त्यावर हे पत्र पोचेल ना, अशी धाकधूक आहे, पण फोनवर हे बोलता येणार नाही. फोनवर तू आधी माझी चौकशी करतेस आणि माझं तोंड बंद होतं. म्हणून कागद घेतला. माझी साखर वाढली आहे, बाकी बरी आहे. गाव मात्र आता गाव म्हणण्यासारखं उरलेलं नाही. रोडपालीकडून येताना इमारती कुठे संपतात आणि आपली वेस कुठे लागते, ते रिक्षावाल्यालाही सांगता येत नाही. ग्रामपंचायतीच्या जुन्या कचेरीत आता महापालिकेची पाणीपट्टी भरायची खिडकी आहे. परवा रांगेत उभी होते, तर आपल्या दोघींची खुर्ची जिथे असायची तिथे एक मुलगी कॉम्प्युटरपुढे बसली होती.

बातमी अशी, की आपल्या प्रभागातली जागा सोडतीत महिलांसाठी निघाली. आमचा कल्पेश दोन वर्षं त्या जागेसाठी फिरत होता. बारशाला, तेराव्याला, क्रिकेटच्या सामन्यांना, सगळीकडे हजर. सोडतीच्या दिवशी तो घरी आला, जेवला नाही, आणि संध्याकाळी बायकोला म्हणाला, "निशा, तुझा फॉर्म भरायचाय." विचारलं नाही, सांगितलं. निशा बी.कॉम. आहे, लग्नाआधी बेलापूरला नोकरी करत होती, माझ्यापेक्षा शंभरपट हुशार. आता पळस्पे फाट्यापासून खाडीपर्यंत तिचे फलक लागलेत. हात जोडलेली निशा, आणि तिच्या मागे तिच्या दुप्पट कल्पेश. मंगळवारी जेवणाच्या टेबलावर त्याने तिच्यापुढे लेटरहेडचा गठ्ठा ठेवला. अजून मतदान व्हायचंय, पण 'नगरसेविका' असं छापून तयार. ती टीव्हीकडे बघत एकेका कोऱ्या कागदाच्या तळाशी सही करत गेली. मी म्हटलं, अगं, वर काय लिहिणार ते तरी विचार. ती हसून म्हणाली, "आई, असंच असतं. तुम्हाला माहितीय ना." मला माहीत आहे, गोदू. त्याबद्दलच लिहायचं आहे.

आपण पहिल्यांदा निवडून आलो ते साल तुला आठवत असेल. बायकांना राखीव जागा नुकत्याच आल्या होत्या. ग्रामसेवक सभेचं रजिस्टर घरी पाठवायचा आणि मी चुलीपुढून उठून, पदराला हात पुसून सही करायची. सभा झाली की नाही तेही ठाऊक नसायचं. एकदा तू पनवेलच्या मच्छी मार्केटमधून रिकामी पाटी घेऊन थेट माझ्या दारात आलीस. "जने, आमी निवडून आलोय ते कचेरीत बसायला. चल." कचेरीत पुरुषांना खुर्च्या आणि आपल्याला दाराजवळ चटई. तू सरळ उपसरपंचाच्या खुर्चीत बसलीस आणि तो बापडा सगळी सभा उभा राहिला. पुढच्या महिन्यात दोन खुर्च्या वाढल्या. मला सातवीपर्यंतचं वाचता येत होतं, पण सरकारी मराठी कळायची नाही. तू मला ठरावाच्या ओळीखाली बोट ठेवून वाचायला लावायचीस. न वाचता सही करायची नाही, हे मी तुझ्याकडून शिकले.

मग दोन हजार दहाला सरपंचपदच बाईसाठी राखीव झालं आणि सगळ्यांनी मिळून तुला केलं. का केलं, ते तुलाही कळत होतं. कोळीण दिवसभर बाजारात बसेल, कचेरी आपलीच, असा हिशोब. तू पाटी तुझ्या जावेच्या डोक्यावर दिलीस आणि रोज सकाळी कचेरीत जाऊन बसलीस. कोळीवाड्यात पाण्याची लाईन आणलीस. शाळेत मुलींच्या संडासाला आतून कड्या बसवल्यास. दीड वर्षाने तो शेठ आला, कंटेनर यार्डवाला. खाडीच्या ज्या काठावर तुमची जाळी वाळायची, होड्या लागायच्या, तिथे भराव टाकायला त्याला पंचायतीची ना हरकत हवी होती. तू तो कागद ग्रामसभेत सगळ्यांपुढे वाचलास आणि बायकांनी तो उडवून लावला. त्यानंतर तुझ्याबद्दल चहाच्या टपरीवर काय काय बोललं गेलं, ते मी इथे लिहीत नाही. तुझ्या घरधन्याच्या, भगवानभावजींच्या होडीचा तळ कुणीतरी फोडला. आणि मग तुझ्यावर अविश्वास ठराव आला.

आपण नऊ सदस्य. बाई सरपंच असली तर तीन चतुर्थांश मतं लागतात, म्हणजे सात हात. त्यांच्याकडे सहा होते. सातवा माझा.

पुढचं गावाला जे माहीत आहे ते असं. काशिरामनी, माझ्याच नवऱ्याने, मला जीपमध्ये कोंबून मतदानापर्यंत खंडाळ्याच्या बंगल्यावर नेऊन ठेवलं. मी नको म्हणत होते म्हणून माझा हात पिरगाळला. चार दिवसांनी सभेला आणलं तेव्हा माझ्या डाव्या मनगटाला बँडेज होतं. तहसीलदार साहेब समोर बसले होते. त्यांनी ठरावाच्या बाजूचे हात वर करायला सांगितलं, आणि तू आधी माझ्या बँडेजकडे पाहिलंस, मग माझ्या तोंडाकडे. मी उजवा हात वर केला. तू रागावलीही नाहीस. उठलीस, किल्ल्या टेबलावर ठेवल्यास आणि गेलीस. आठ दिवसांनी आमच्या मागच्या दारी आलीस, पानात बांधलेली कोलंबी घेऊन. "तुझा काय दोष, जने? तुझ्यावर राग नाय माझा. त्याच्यावर हाय." तेव्हापासून तू काशिरामशी एक शब्द बोलली नाहीस. चार वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा आलीस खरी, पण मांडवाबाहेर उभी राहिलीस, मला जवळ घेतलंस आणि त्यांच्याकडे न बघता परत गेलीस.

तुझ्या जागी सरपंच मी झाले. पहिल्याच महिन्यात ना हरकतीवर सही केली. वाचून केली, ओळीखाली बोट ठेवून. डंपर आले, काठ बुजला, तुमच्या होड्या उचलल्या गेल्या. भगवानभावजी त्याच यार्डाच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे राहिले, त्यांची होडी लागायची तिथेच. आणि दोन वर्षांनी मागे येणाऱ्या ट्रेलरखाली सापडून गेले. चूक त्यांचीच होती, असं यार्डवाल्यांनी लिहून घेतलं. तू भरपाईसाठी पंचायतीचं पत्र मागायला कचेरीत आलीस, त्या दिवशी खुर्ची रिकामी होती. तुला वाटलं, मला घरात डांबलं असेल. उपसरपंचाने सकाळी निरोप पाठवला होता, "आज येऊ नका." मी घरी भाजी निवडत बसले. दाराला कडीसुद्धा नव्हती.

आता गावाला माहीत नाही ते लिहिते. मला कुणी जीपमध्ये कोंबलं नाही, गोदू. मी दोन चांगल्या साड्या पिशवीत घालून स्वतः चढले. हात बंगल्याच्या मोरीत पाय घसरून मुरगळला. तिसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात काशिराम माझ्याजवळ येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "तुला नको वाटत आसंल तर हात वर करू नको. गोदूवैनी आपली हाय. या लोकांचं मी बघतो." आणि मी म्हणाले, "मला खुर्ची पायजे." ठराव आणणाऱ्यांनी मला सरपंच करायचा शब्द दिला होता. पंधरा वर्षं लोक 'गोदू आणि ती दुसरी' म्हणायचे, ती दुसरी मी. मोर्चाला तू पुढे, भाषणाला तू पुढे, साहेब आले की हार तुझ्या हातात. तू मला कधी मागे ढकललं नाहीस, मीच मागे राहत होते, आणि मला त्याचा राग तुझ्यावर यायचा. काशिराम उठून गेले. गावात शिरलो तेव्हा लोकांनी बँडेज पाहिलं आणि त्यांची गोष्ट त्यांनीच तयार केली. मी ती खोडली नाही. काशिरामनीही खोडली नाही. बायकोला मारणारा म्हणून ते गावात फिरले, बायका त्यांना बघून तोंड फिरवायच्या, आणि त्यांनी माझं नाव घेतलं नाही. शेवटी हॉस्पिटलात फक्त एकदा म्हणाले, "गोदूवैनी माज्याशी कदी बोलली नाय." मी चादर सरळ केली.

आता का लिहिते आहे ते सांगते. या रविवारी कल्पेश आणि पक्षाचे लोक शाल-नारळ घेऊन तुझ्याकडे येणार आहेत. कोळीवाडा अजून तुझं ऐकतो. तुला निशाच्या स्टेजवर बसवायचं आहे. "जनीकाकूसाठी तरी या," असं म्हणायचं ठरलंय, माझ्या देखत ठरलं. कल्पेशला वाटतंय, मी आत्ता तेच लिहिते आहे. खाडीचं उरलेलं तोंड बुजवायला महापालिकेचा ठराव लागणार आहे. ते कोरे लेटरहेड त्यासाठी आहेत. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, त्या मार खाल्लेल्या बाईसाठी तू येशील. अशी बाई कधी नव्हतीच, गोदू. त्या स्टेजवर येऊ नकोस. आपल्या कोळीवाड्यात येऊन हे पत्र मोठ्याने वाचून दाखव, काशिरामचं नाव जिथे आहे तिथे सावकाश वाच. काल मी सगळं निशाला सांगितलं. वाटलं, ती तरी सही करायची थांबेल. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच विचारलं, "आई, हे अजून कुणाला माहितीय?" म्हणून पत्र घरात कुणाच्या हाती देत नाही, नवीन पनवेलच्या पोस्टात मी स्वतः टाकते आहे. नंतर या घरात माझं काय होईल ते होवो. तू माफ करावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. माफ केलंस तर मला कळवू नकोस.

तुझी म्हणवायला जीभ रेटत नाही, तरी दुसऱ्या कुणाची नाही,
जनी