धाकटीची नोंद

३ मार्च
लागले एकदाची नोकरीला! ताईनेच साहेबांकडे शब्द टाकला, पेढाही तिनेच भरवला. तिच्याच ऑफिसात, तिच्या शेजारचं टेबल मिळालं. ती आईजवळ राहते, मी ऑफिसजवळ खोली घेतली. काम मजेचं आहे. संगणकाला अर्थ कळावा म्हणून शब्दांची नाती नोंदवायची. चमचा हा भांड्याचा प्रकार, दांडा हा चमच्याचा भाग. 'जावई' कुठे बसवायचा यावर तासभर काथ्याकूट झाला. शेवटी 'पाहुणा'खाली बसवला. पोट धरून हसलो सगळे.

७ मार्च
नमुन्यासाठी खरी घरंही संगणकात भरतात. ताईने आमचं भरलंय: आई, ती, मी, अगदी आईच्या गुडघेदुखीसकट. साहेब म्हणाले, अधूनमधून एखादी नोंद पुसून काय होतं ते बघतो. ऑफिसात कोपऱ्यातल्या खुर्चीवर कुणाचा तरी स्वेटर आहे. कुणाचा, ते एकालाही सांगता येईना. विषय निघताच ताई चहाला उठली.

१२ मार्च
रोज हसून दार उघडणाऱ्या पहारेकऱ्याने आज अडवलं. मला कधी पाहिलंच नाही म्हणे. ताईला हाक मारली. ती खाली मान घालून वर गेली.

१३ मार्च
आईला फोन केला. अगं मी, धाकटी, म्हटलं. ती म्हणाली, नंबर चुकला असेल बाळा, मला एकच मुलगी आहे.
परक्यांनाही ती 'बाळा'च म्हणते.

१४ मार्च
सफाईवाल्या बाईंच्या मागोमाग आत शिरले. ताईचा संगणक चालूच होता. 'धाकटी बहीण' – पुसली. सोबत ताईचा अर्ज: 'या वेळच्या चाचणीला माझ्याऐवजी हिला घ्या. नोकरीला लावून आणते.' तारीख २० फेब्रुवारी.
म्हणजे मला पेढा भरवला तेव्हाही तिला –

१५ मार्च
जिन्यात गाठलं. "ताई, का गं?"
ती हुंदके देत म्हणाली, "माझं नाव लागलं होतं गं. मी काय करणार होते?"
मी तिचा हात धरला. अजूनही धरवला मला. तिने डोळे पुसले, माझ्याकडे पाहिलं – आणि आपण का रडतोय तेच तिला आठवेना.
"कोण हवंय तुम्हाला?"

१६ –
आईचं दार वाजवलं. तिने उघडलं. मी हातभर अंतरावर. माझ्यातून पलीकडे रस्त्यावर बघितलं तिने. आत वळून ताईला म्हणाली, कुणी नाही गं.
दार लावलं.
पुन्हा वाजवतेय. हात दारावर आपटतोय, पण आवाज –