यादवीची कारणे, अडीच पानांत

तीर्थरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? इकडे सगळे ठीक, फक्त माझ्या कपाळाला टाके पडलेत. (काळजी नसावी. आत काही इजा नाही. इजा होण्यासारखं आत फारसं नव्हतंच, असं तुमच्या सूनबाईंचं मत.)

टाके राष्ट्रकार्यात पडले. सातवीच्या इतिहासात आपल्या यादवी युद्धाची कारणं घालायची ठरली आणि ती अडीच पानांत बसवायला समिती नेमली. एक निवृत्त जनरल, उत्तरेकडून लढलेले. एक प्राध्यापक, दक्षिणेकडून बोललेले. आणि मी इतिहासाचा मास्तर, म्हणजे चहा सांगायला. अध्यक्ष डोळ्यांचे डॉक्टर. ते निःपक्षपाती, कारण युद्धभर परदेशात होते.

पहिल्याच बैठकीत प्राध्यापक म्हणाले, कारण नदीचं पाणी. जनरल म्हणाले, कारण प्राध्यापक. डॉक्टरांनी दोन्ही खोडलं. मग मी भीतभीत जमिनीचं नाव काढलं: मोजक्या घरांकडे जमीन, बाकीच्यांकडे कुदळ. शिक्षणमंत्र्यांचं घर नेमकं त्या मोजक्यांतलं निघालं, जमीन गेली. भाषेचं कारण सगळ्यांना पटलं, पण ते आधी कोणत्या भाषेत छापायचं यावर घोडं अडलं. दुष्काळ घ्यावा, तर मागच्याच धड्यात सरकारी कोठारं तुडुंब भरलेली. शेवटी 'काही कारणांमुळे युद्ध झाले' एवढं उरलं आणि आम्ही एकमेकांचं अभिनंदन केलं.

तिथेच उठायला हवं होतं. पण पुढच्या वाक्यात मेलेले आधी उत्तरेचे घ्यायचे की दक्षिणेचे, यावर जुंपली. जनरलसाहेबांनी काचेचा पेपरवेट भिरकावला. नेम प्राध्यापकांवर होता. (युद्ध एवढं का लांबलं, ते मला तेव्हा कळलं.) आरडाओरडा ऐकून दोघांचे ड्रायव्हर धावत आले. दुपारी एका डब्यात जेवणारी माणसं, पण काही न विचारता एकमेकांच्या नरड्याला लागली.

दवाखान्यात पट्टी बांधणाऱ्या बाई म्हणाल्या, "मास्तर, भांडण झालं तरी कशावरून?"

मामा, इतकी वर्षं इतिहास शिकवतोय, पण सांगता येईना. बाकावर एक ड्रायव्हर रक्ताळलेला कान धरून बसला होता. म्हणाला, "त्याने मारलं म्हणून मी मारलं." दुसराही शब्दशः तेच म्हणाला. या दोघांना समितीवर घेतलं असतं तर धडा अर्ध्या ओळीत झाला असता.

धडा मंजूर झाला. पेपरात आलं, 'समितीत एकमत'.

तुमचा,
डोकं शाबूत असलेला भाचा

ता. क. धड्याखाली उपक्रम आहे: 'घरातील मोठ्यांना युद्धाची कारणे विचारा.' आमच्या धाकटीने मसुदा वाचून लगेच आजीला विचारलं. आई म्हणाली, "तुझ्या मामाआजोबांना विचार." बाबा गेले तेव्हा तुम्ही आला नाहीत; नदीवरचा पूल बंद होता की तुम्ही, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. आता पूल उघडलाय. एकदा याच. आई आपणहून बोलणार नाही. तुम्हालाही अबोला धरायचा असेल तर धरा, पण समोरासमोर बसून धरा.

ता. क. पुन्हा. आईला न कळवता लिहितोय, असं लिहिणार होतो. पण तुम्ही घर बदललंत, त्यानंतरचा पत्ता माझ्याकडे कुठे होता? तो तिला पाठ आहे.