नवा भाग काढून पाहिला

ती. ताईस,

स्टुलावर बसून जितकं वाकता येतं तितकं वाकून नमस्कार. माझी प्रकृती ठणठणीत आहे. तुझीही असावी, आणि दाजींचा गुडघा त्यांना आता जिना चढू देत असावा (तेल गुडघ्याच्या वाटीवर नव्हे, कडेनं चोळायला सांग, बिजागरीला तेल कुठं घालतात ते लक्षात घेतलं की पुरे).

तू मला धरून त्या डॉक्टरांकडे नेलंस, त्याचा अहवाल द्यायचा राहिला होता. गोळी सुरू केली. पुष्कळ दिवस काहीच नाही, तोंड तेवढं कोरडं. मग एका सकाळी दुकानात दुरुस्तीला आलेलं शिलाई मशीन फिरवताना शटलचा आवाज एका बाजूला किंचित जड येतोय, हे मला ऐकू आलं. ताई, त्याआधी कित्येक महिने मशीनं नुसती वाजत होती, मी ऐकत नव्हतो. घरी गेलो तर जेवताना ही म्हणाली, "अहो, आज तुम्ही भाजीला नावं ठेवलीत." आणि डोळे पुसायला आत गेली.

इथं दुसऱ्या कुणीही समाधान मानलं असतं. पण शिलाई मशीनची दुरुस्ती मी कुणाच्या हाताखाली न राहता शिकलो, ती एका नियमावर. नवा भाग बसवून मशीन चालू झालं म्हणजे दुरुस्ती सिद्ध होत नाही. तो भाग काढून जुना परत बसवायचा. बिघाड जसाच्या तसा परत आला, तरच निदान खरं. नाहीतर मशीन आपल्या मनानं सुरू झालेलं असतं आणि श्रेय आपण खातो. (तुझ्या त्या डॉक्टरांनी ही चाचणी घेतल्याचं मला दिसलं नाही. भिंतीवर पदव्या मात्र भरपूर.) तेव्हा मी आपणहून बरा झालो की गोळीनं केलं, हे ठरवायला मी गोळी काढून पाहिली.

चाचणी पूर्ण यशस्वी झाली. बिघाड जसाच्या तसा परत आला, किंबहुना काही नव्या बिघाडांसह.

हिला अर्थातच सांगितलेलं नाही. ती रोज पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहते. मी गोळी जिभेखाली धरतो आणि दुकानात येऊन वॉशरच्या डबीत टाकतो (फेकवत नाही, चांगला माल आहे). मग शटर अर्धं खाली ओढून मागच्या खोक्यावर बसतो. समोर फळीवर मशीनं रांगेनं असतात. उठून एखाद्याचा निदान स्क्रू सैल करावा असं ठरवतो. ठरवण्यातच दुपार होते. परवा पेचकस हातात घेतला, तो कशाला घेतला ते आठवेना. आणि आठवत नाही याचं काही वाटेना.

अशात कोपऱ्यावर शिलाईचं काम करणाऱ्या बाईंचं मशीन मी न तपासता परत दिलं. हे माझ्या हातून आजवर झालं नव्हतं. डबीतून वॉशर ओतताना एक गोळी मशीनमध्ये घरंगळली असणार. बाईंनी एका वकिलाचा काळा कोट शिवायला घेतला, तर त्यावर पांढरी भुकटी. गोळीचा उरलेला तुकडा तळहातावर घेऊन त्या दुकानात आल्या.

"मास्तर, माझं मशीन उदास आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, कॅल्शियमची आहे.

"असं? म्हणजे मीही इतकी वर्षं कॅल्शियमच खातेय म्हणायची." मग स्टूल ओढून बसल्या आणि गोळी का बंद केली ते विचारलं. मी नियम समजावून सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मशीनचा भाग काढता, तो परत बसवायला तुम्ही बाहेर असता," त्या म्हणाल्या. "इथं बाहेर कोण आहे?"

मी कोटाचं काय झालं ते विचारलं. (कोटावरची भुकटी कोरड्या ब्रशनं निघाली. ओलं फडकं लावलं असतं तर डाग बसला असता.)

असो. दाजींना नमस्कार सांग.

तुझा धाकटा

ता. क. वर 'ठणठणीत' लिहिलं, ते पत्र कुठूनतरी सुरू करायला हवं म्हणून. खोडत नाही, खाडाखोड केलेलं पत्र मी पाठवत नाही.

आणखी ता. क. मुख्य काम राहिलंच. तू ये. डॉक्टरांसमोर बसून 'मी बंद केली' एवढं वाक्य मला एकट्याला म्हणता येणार नाही, आणि हिच्यासमोर तर नाहीच. तू शेजारी बसून म्हण, मी मान हलवीन. दुकान बंद दिसलं तर परत जाऊ नकोस, मी आतच असतो. शटर वाजव. लगेच उघडलं नाही, तर वाजवत राहा.