अनारशांबरोबर आलेली मशीन

॥ श्री ॥

जुनी हुबळी,
२९ मे २०२६

सौ. शेवंताबाई विहीणबाई यांस मथुरेचा स. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तुमच्याकडेही खुशाली असेल असं धरून चालते, कारण हे पत्र खुशालीचं नाही. फोनच केला असता, पण आमच्याकडे फोन कायम स्पीकरवर आणि तुमच्याकडे टाकीवर चढल्याशिवाय रेंज नाही. शिवाय फोनवर मी भांडते असं तुमची रेखा म्हणते. पत्रात निदान विचार करून भांडता येतं.

लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना. माझा योगेश आणि रेखा तुमच्याकडे वाण घ्यायला येऊन गेले. तुम्ही चांदी दिली नाही म्हणून रुसणारी मी नव्हे. दुर्गदबैलच्या बाजारात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, देवाने पोटापुरतं दिलं आहे. पण विहीणबाई, जावयाला तेहतीस अनारसे आणि सोबत झाडं कापायची मशीन? आपण साधी सुरीसुद्धा कुणाच्या हातात देत नाही. खाली ठेवतो, मग समोरचा उचलतो. तुम्ही तर दात्यांच्या साखळीसकट अख्खी करवत दिलीत, तीही हळदकुंकू लावून. वाण बघायला माझ्या जाऊबाई कुसुमावती आल्या होत्या. त्यांच्यासमोर मी मोठ्या कौतुकाने पिशवीत हात घातला आणि कोपरापर्यंत काळं ऑइल घेऊन बाहेर काढला. जाऊबाईंनी आधी माझा हात बघितला, मग पिशवी. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

योगेशला विचारलं तर म्हणतो, मीच मागितली. कशाला, तर विमान करायला. वय वर्षं एकतीस. रिमोटवर उडणारी विमानं तो कॉलेजपासून करतो, पण ती थर्माकोलची, डासाएवढा आवाज करणारी. आता म्हणे पलंगाएवढं विमान करायचं आणि त्याला ह्या मशीनचं इंजिन लावायचं. आमच्या ह्यांना सांगितलं तर हे कानडीत म्हणाले, साकु गं, म्हणजे पुरे, मुलगा दारू तर पीत नाही. आमच्या घरात सगळ्या गोष्टींना हे एकच माप आहे.

अनारसे मात्र छान जाळीदार झाले होते, ते खोटं कसं सांगू. लोभ होता तसाच ठेवावा. राग माझ्याकडे सुरक्षित आहे.

आपली,
मथुरा


अलनावर, मळ्यातून
६ जून २०२६

सौ. मथुराबाईंना शेवंताचा सा. न. वि. वि.

पत्र पावलं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा थोडं हसू आलं, रागावू नका.

चांदीचं निरांजन मी धारवाडहून आणलं होतं आणि ते ताटात होतं. जावयांनीच हात जोडले आणि म्हणाले, हे राहू द्या, पडवीतली ती मशीन देता का. धोंड्यात जावयाने तोंडाने मागितलं तर नाही म्हणायचं नसतं. आमच्यात तरी नसतं. निरांजन रेखा आली की तिच्याबरोबर पाठवते, म्हणजे जाऊबाईंना दाखवता येईल.

खरं सांगू का, मला ती मशीन घरातून जायलाच हवी होती. रेखाचे अप्पा पंचवीस वर्षं लाकडाच्या कंत्राटदाराकडे तोडणीला होते. त्या मशीनने आधी त्यांचे कान नेले, मग बोटं. थंडीत बोटं पांढरी पडतात, सदऱ्याचं बटण मी लावते. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मशीन धरायची नाही म्हणून सांगितलं. काम सुटलं, मशीन सुटली नाही. रोज सकाळी ती पुसायची, साखळी काढून चालू करायची आणि मुठीवर हनुवटी टेकून डोळे मिटून बसायचं. कान गेले तर काय झालं, मी हनुवटीने ऐकतो म्हणायचे. मी चुलीपाशी, आणि अंगणात हे सवतीशी गुजगोष्टी करत बसलेले. असं दोन वर्षं बघितलं. म्हणून जावयांनी मागितल्यावर मी ह्यांना विचारलंसुद्धा नाही, हो म्हणून टाकलं. ह्यांनी स्वतः ती पुसली आणि पिशवीत घातली. हळदकुंकूही त्यांनीच लावलं.

रेखाचं काही चुकलं तर तिला रागवा. तिच्या आईला पत्रातून रागवलंत तरी चालेल. लेकीला सांभाळता तसं आम्हालाही मनात असू द्या.

आपली,
शेवंता


जुनी हुबळी,
१९ जुलै २०२६

सौ. शेवंताबाईंना स. न. वि. वि.

तुमची सवत आता माझ्या घरात नांदते आहे आणि तिने माझं इरकल नासवलं. ते कसं, ते सविस्तर लिहिते, म्हणजे पुढच्या धोंड्यात तुम्ही जावयाला काय द्यायचं नाही ते लक्षात राहील.

योगेशने दीड महिना त्या मशीनची चिरफाड केली. म्हणतो विमानाला वजन चालत नाही. आधी साखळी आणि पातं गेलं, मग मूठ, मग ब्रेक, मग दोरी ओढून चालू करायचं झाकण. दुकानात गिऱ्हाईक खिळे मागतं आणि हा गल्ल्यावर बसून कानशीने मशीन घासतो. मग विमानाचा पंखा बसवायला एक तुकडा करून हवा होता, म्हणून आमच्या गल्लीतल्या वादिराजच्या लेथवर जाऊन बसायचं. वादिराज पूर्वी शहाणा माणूस होता. आता तोही दुपारी जेवायला घरी जात नाही.

परवा पाऊस होता, म्हणून मागच्या पडवीत चाचणी. दोरीवर माझं जांभळं इरकल वाळत होतं. ते काढते म्हटलं तर योगेश म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे. विमान पुढे पळू नये म्हणून त्याची शेपटी जाड दोराने रगड्याच्या दगडाला बांधली. पंख्याला काठीने फटका मारला. सात-आठ फटक्यांनी ते भडकलं आणि विमान मागे आलं. शेवंताबाई, मागे. दोर पुढे जाणाऱ्याला अडवतो, मागे येणाऱ्याला काय करणार? ते शेपटी पुढे करून उंबरठा ओलांडून स्वयंपाकघरात शिरलं आणि पिठाच्या डब्याला धडकून बंद पडलं. धूर आणि ऑइलचे शिंतोडे सगळे इरकलावर. मी पोळपाटाआड उभी होते. तुमची रेखा हसत होती. सुनेने सासूच्या बाजूने उभं राहायचं असतं हे तिला कुणी शिकवलं नाही का?

तेव्हापासून इंजिन नीट चालतच नाही. वर चढतं आणि जीव जातो. योगेश कार्बोरेटरचे दोन स्क्रू उलटसुलट पिळत बसतो. रोज संध्याकाळी भर्रर्र, मग शांतता, मग शिव्या. गल्लीतले लोक आता मला बघून कानांवर हात ठेवतात. तेवढ्याचसाठी तुमच्यावर लोभ कमी करीत नाही, पण तो सध्या पेट्रोलच्या वासाचा आहे, तसाच गोड मानून घ्यावा.

आपली,
मथुरा


अलनावर,
२८ जुलै २०२६

सौ. मथुराबाईंना शेवंताचा नमस्कार.

इरकलाचं वाचून वाईट वाटलं. ऑइलच्या डागावर चण्याचं पीठ चोळून बघा.

ह्या वेळी मला हसू आलं नाही. रेखाच्या अप्पांचं जेवण सुटलं आहे. मशीन गेल्यापासून रोज सकाळी फडकं घेऊन पडवीत जातात, रिकाम्या खुंटीखाली उभे राहतात आणि परत येऊन अंथरुणावर पडतात. दुपारी अर्धी भाकरी, तीही मी समोर बसले तर. रात्री ताक. पंधरा दिवसांत माझ्याशी चार शब्द बोलले नसतील. पूर्वी ऐकू येत नव्हतं तरी बोलायचे, मोठ्याने, सगळ्या मळ्याला ऐकू जाईल असे. सदरा अंगावर लोंबतो. मला भीती वाटते, मथुराबाई. मी त्या मशीनचा राग राग केला, पण हा माणूस तिच्याच आधाराने सकाळी उठत होता हे मला कळलं नाही. न विचारता मी ती देऊन टाकली. चूक माझी आहे.

दिलेलं वाण परत मागू नये हे मला समजतं. तरी मागते. जावयांना सांगा, मशीन परत द्या. त्याबदल्यात निरांजन घ्या, म्हैस घ्या, काय हवं ते घ्या. हे पत्र रेखाला दाखवू नका. उत्तराची वाट बघते, आणि तुम्ही रागावला नसाल अशी आशा करते.

आपली,
शेवंता


जुनी हुबळी,
२ ऑगस्ट २०२६

सौ. शेवंताबाईंना नमस्कार.

तुमचं पत्र वाचून योगेशला दुकानातून बोलावून घेतलं आणि गिऱ्हाइकांसमोर झोडपलं. तोंडाने. तो पांढरा पडला. त्याला वाटलं होतं पडीक वस्तू आहे. नवी मशीन घेऊन देतो म्हणाला. मी म्हटलं, नवी घेऊन व्याही काय करतील, तिची त्यांची ओळख नाही.

म्हैस तुमच्याकडेच राहू द्या. मशीन परत देता येत नाही, शेवंताबाई. ती आता मशीन उरली नाही. मूठ कापून टाकली आहे, आणि कापलेली मूठ आमच्या कार्ट्याने भंगारात घातली. जे उरलंय ते विमानाच्या नाकाला बसवलंय आणि धड चालतही नाही. हे तुम्हाला कसं लिहावं ह्याचा दोन दिवस विचार केला, मग सरळ लिहायचं ठरवलं.

मशीन तिकडे येत नसेल तर माणूस इकडे पाठवा. गुरुवारच्या बसला बसवा, योगेश स्टँडवर येईल. नातवंड झाल्याशिवाय लेकीच्या घरी बाप जेवत नाही, हे मला सांगू नका. ते लेकीच्या घरी येत नाहीत, माझ्या घरी येत आहेत. घराचा कागद माझ्या नावावर आहे. लोभाचं पुढच्या पत्रात बघू, आधी माणूस पाठवा.

मथुरा


जुनी हुबळी,
२४ ऑगस्ट २०२६

सौ. शेवंताबाईंना स. न. वि. वि.

तुमचे मालक शनिवारच्या बसने परत येतील. तोवरची हकीकत लिहिते.

आले तेव्हा धोतराच्या फडक्यात चार दिवसांच्या भाकऱ्या बांधून आणल्या होत्या. आमच्या घरचं पाणीसुद्धा विचार करून प्यायले. मग योगेशने विमान दाखवलं. त्यांनी ते मूठ नसलेलं इंजिन दोन्ही हातांत घेतलं आणि इतका वेळ धरून ठेवलं की मी आत निघून गेले. माझ्याच मुलाने केलेलं मला बघवेना. आतून ऐकलं, ते ओरडून म्हणत होते की पंखा चुकीच्या अंगाला लावलास, ही कुठल्या बाजूला फिरते ते मला विचारायचं होतंस. साखळीच्या बाजूला लावला की वारा उलटा. दुसऱ्या टोकाला लाव, जिथे ओढायची दोरी होती तिथे. म्हणजे स्वयंपाकघरात विमान का शिरलं, हे गल्लीतल्या एकाही इंजिनिअरला कळलं नव्हतं ते त्यांना बघताक्षणी कळलं. वादिराजने रात्रीपर्यंत नवा तुकडा करून दिला.

दुसऱ्या दिवशी इंजिन एका लांब फळीला आवळलं. योगेशने चालू केलं. व्याही मागे जाऊन बसले, फळीच्या टोकाला हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. मला वाटलं झोपले. आधीच त्या आवाजात माझं डोकं उठलेलं, त्यात पाहुणा फळीवर झोपलेला. तेवढ्यात त्यांचा हात वर झाला. बोट डावीकडे, तेव्हा योगेशने स्क्रू डावीकडे पिळला. बोट थांबलं, योगेश थांबला. मग उजवीकडे, केसभर. अर्धा तास हे चाललं. आणि महिनाभर किंचाळणारं ते इंजिन एका सुरात चालायला लागलं, शेवंताबाई. आमचे हे हिशेब सोडून बाहेर आले. तुमच्या मालकांनी डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते, आणि माझेही, धुराने असेल.

चौथ्या दिवशी त्यांच्या भाकऱ्यांना बुरशी आली. मी काही न बोलता ताट वाढलं आणि पाठ फिरवली. मोजायचं नाही असं ठरवलं होतं, पण दोन भाकऱ्या आणि वांग्याची भाजी.

आता माझं दुःख ऐका. पूर्वी घरात एक वेडा होता, आता दोन झाले. व्याही रोज ओरडून शिकवतात, योगेश ओरडून विचारतो, जाऊबाईंनी येणं बंद केलं, एवढाच फायदा. इथे विमानतळ जवळ असल्याने हे उडवता येत नाही. तेव्हा दिवाळीला हे सगळं तुमच्या मळ्यात येणार आहे. आता तुमची पाळी. माझा लोभ पूर्ण आहे, व्याजासकट घ्यावा.

आपली,
मथुरा


अलनावर,
१६ नोव्हेंबर २०२६

सौ. मथुराबाईंना शेवंताचा सा. न. वि. वि.

तुम्हाला पाठदुखीमुळे येता आलं नाही, म्हणून सगळं लिहिते. निरांजन रेखाबरोबर पाठवलं आहे. ह्या वेळी जावयांना नाही म्हणायची सोय ठेवली नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कापलेल्या भातशेतात विमान उडालं. तुम्ही म्हणता तसं मागे नाही, पुढे. आधी धावलं, मग चाकं सुटली, मग आमच्या घराच्या कौलांवरून, बांधावरच्या झाडांवरून वर गेलं. सगळी वाडी जमली होती. रिमोट जावयांच्या हातात, आणि अप्पांचा हात जावयांच्या खांद्यावर. ऐकू तर येत नव्हतं, पण तेवढ्यानेच कळत होतं बहुतेक. मी त्यांच्याकडेच बघत होते. ते मला ओरडून म्हणाले की पंचवीस वर्षं ही मशीन शेवटचा सूर लावायची तेव्हा झाड पडणार म्हणून सगळे वर बघायचे आणि पळायचे. आज सगळे वर बघताहेत आणि एकही पळत नाही. मला रडू आलं. मी ह्या मशीनला सवत म्हणत होते, ते शब्द मागे घेते.

पण तिसऱ्या फेरीला वारा आला आणि विमान बांधावरच्या जांभळीच्या शेंड्यात जाऊन बसलं. जांभळीची फांदी ठिसूळ, वर कुणाला चढता येत नाही. फांदी कापावी म्हटलं, तर कापायची मशीन वर विमानात. शेजारचा आपली मशीन घेऊन आला. रेखाचे अप्पा झाडाला पाठ लावून उभे राहिले आणि म्हणाले, एक डहाळीसुद्धा तोडायची नाही. वाऱ्याने नेलंय, वारा देईल. ज्या माणसाने अर्धं रान झोपवलं, त्याचा जीव आता एका फांदीत अडकलाय. जावई दोन दिवस थांबून दुकानासाठी परत गेले. हे मात्र तिथेच. घोंगडं टाकून बसतात आणि वर बघतात. येणाऱ्याजाणाऱ्याला ओरडून सगळी हकीकत सांगतात. त्यात तुमचं स्वयंपाकघर आणि इरकलही आहे, मला थांबवता आलं नाही.

भाकरी तिथेच नेऊन द्यावी लागते. चुलीपासून जांभळीपर्यंतचं अंतर तुम्हाला माहीत आहे, आणि माझे गुडघेही. काल दोन नेल्या. तिसरीसाठी परत पाठवलं. आज आणखी एक मागितली, चटणी लावून. दिवाळीला दळून आणलेलं पीठ संपत आलं आहे. तुमच्या मुलाबद्दल माझी ही तक्रार आहे, आणि ती तुमच्याशिवाय मी कुणाकडे करणार? लोभ करता तसाच करीत राहा.

आपली,
शेवंता