ह्यांचा उजवा पाय

१२ जानेवारी १९८७, सोमवार
हे मस्कतहून आल्यापासून घरात बसणं म्हणून नाही. खिडकी, गॅलरी, माठ, परत खिडकी. तीन वर्षांनी मिळालेला नवरा डोळे भरून बघावा, तर तो एका जागी थांबेल तेव्हा ना! परतीचं तिकीट ७ फेब्रु.चं. विषय काढला की "बघू". मला ते परत जायला नकोयत. तोंडाने सांगून झालं, आता इथे लिहिते.

१५ जानेवारी, गुरुवार
काल हळदीकुंकू. बायका वाण घेऊन निघायच्या सोडून ह्यांच्याभोवती. मस्कतला हे ज्याचे ड्रायव्हर, त्या साहेबाच्या अमेरिकन गाडीतल्या क्रूझ कंट्रोलचं कौतुक चाललेलं. स्टिअरिंगजवळ एक दांडी, तिच्यावर बटण. हवा तो वेग आला की दाबायचं आणि पाय काढून घ्यायचा. गाडी तोच वेग धरून राहते, चढ आला तर आपलं आपण पेट्रोल वाढवते.
मी विचारलं, "आणि मध्ये कोणी आलं तर?"
"ब्रेकवर पाय टेकलो की ता सुटता. पण आधीचो वेग तेच्या ध्यानात रवता. दुसरा बटण दाबला की परत तितक्यार."
"आणि वळण?"
"ता आपणच घेवचा गो."
तळमजल्यावरची परबीण म्हणाली, "झकास! मग ड्रायव्हर कशाला?" सगळ्या हसल्या. हे नाही हसले.
आल्यापासून एवढं सलग पहिल्यांदाच बोलले, बरं वाटलं. रात्री भांडी घासताना मात्र राग आला. दर महिन्याला ड्राफ्ट धाडला की झालं, पाय काढून मोकळे. लेकीची, मंजूची कावीळ, तिची शाळा, नळावरची भांडणं, वळणं सगळी मीच घेतली.

२० जानेवारी, मंगळवार
परब भाऊजींच्या कारखान्यात मॅनेजरला ड्रायव्हर हवाय. नाहूरला, घरापासून चालत. पगार मस्कतच्या मानाने... जाऊ दे. वाटलं हे उडवून लावतील, तर म्हणाले, "जावन येतंय." एवढं सरळ? मंजू लगेच, "म्हणजे बाबा रोज संध्याकाळी घरी?" तिला गप्प केलं. माझ्याही मनात तेच होतं. शुक्रवारी ट्रायल.

२३ जानेवारी, शुक्रवार
वाट लागली. हे काही सांगेनात. प. भाऊजी गाडीत मागे बसले होते, त्यांच्याकडून कळलं. आग्रा रोडच्या गर्दीतून छान चालवली, मॅनेजर खूश. हायवेला लागल्यावर ह्यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलून सरळ मागे घेतला. साधी फियाट ती, मंदावली. मागचा ट्रक हॉर्न मारत अंगावर आला. मॅनेजर ओरडला, "अरे पाय दे, पाय!" नशीब, काही झालं नाही.
हे म्हणतात, सवय. पाय आपोआप निघाला.
जेवण वाढताना वाटी जरा जोरातच आपटली गेली.

२६ जानेवारी, सोमवार
भाऊजींनी मॅनेजरच्या हातापाया पडून आणखी एक ट्रायल मिळवली. ह्यांचं परत "बघू". मग मात्र माझा तोल गेला. "आल्या आल्या माझ्या भावाची फियाट ठाण्यापर्यंत नेलीत, तेव्हा नाही निघाला तो पाय?"
हे म्हणाले, "माका हंय भय वाटता गो. थंय मस्कतात रस्तो सरळ, कोण काय विचारणा नाय. हंय मंजू सारखी माझ्या तोंडाकडे बघता."
"मग मुद्दाम काढलात?"
"माकाच ठाऊक नाय."
खोटं बोलले असते तर भांडायला तरी आलं असतं. ह्या माणसाची कीव यावी की चीड, ठरत नाही.

२७ जानेवारी, मंगळवार
ट्रायल उद्या सकाळी. संध्याकाळी गॅलरीत माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. "तूच सांग. रवू की जावू?"
"राहा" अगदी ओठावर होतं. म्हटलं असतं तर राहिलेही असते, आणि मग जन्मभर माझ्या सांगण्यावरून बसलेला माणूस मी बघत राहिले असते. नाही बोलले. आत येऊन पांढऱ्या शर्टाला इस्त्री केली, खुर्चीवर टांगला.
रोज सगळ्यांचा गजर मीच लावते. आज घड्याळ ह्यांच्या उशाशी ठेवलंय. गजराची किल्ली मी दिलेली नाही.